गंज, गेरू आणि खडी : डहाणूच्या रुळाचा रंग काय सांगतो? (धागा)

१/
डहाणू रोड स्थानकाच्या फलाटावरून खाली पाहिले, तर रूळ कोणत्या रंगाचा दिसतो? ‘चंदेरी’ किंवा ‘काळा’ असे उत्तर बहुधा मिळते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. चाक ज्यावरून घासत जाते तो माथा तेवढा चकाकतो. त्याखालची कंबर आणि तळ तपकिरी असतात. हा तपकिरीही एकच नसतो. कुठे विटकरी, कुठे काळपट, कुठे मातकट पिवळा. या छटांमागे लोखंड, समुद्र, जंगल आणि मजुरी यांचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. तो सर्वांत बारकाईने पाहणारी मंडळी म्हणजे छोटी रेल्वे बनवणारे छंदिष्ट. त्यांच्या कामाच्या पायऱ्या धरून डहाणू–तलासरीचा लोहमार्ग वाचू या.

२/
महाराष्ट्रात छोट्या रेल्वेचे सर्वांत परिचित स्थान पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून कोथरूड भागात उभे राहिलेले हे ‘जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ १९९८ पासून प्रेक्षकांसाठी खुले आहे. एका काल्पनिक शहरातून धावणाऱ्या तिथल्या गाड्या ‘एचओ’ प्रमाणाच्या, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याच्या आहेत. या प्रमाणात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात. ते युरोप-अमेरिकेचे प्रमाण अंतर. भारताचा रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. म्हणजे डहाणूचा मार्ग याच प्रमाणात अचूक करायचा, तर रुळांमध्ये सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर हवे. बाजारात सहज मिळणारा तयार मार्ग भारतीय नसतो, हा पहिला धडा.

३/
दुसरा धडा रंगाचा. तयार मार्गाचे स्लीपर चकचकीत काळ्या किंवा तपकिरी प्लॅस्टिकचे असतात आणि रूळ नव्या भांड्यासारखे लखलखीत. त्यावर कितीही सुबक इंजिन ठेवले तरी ते खेळणेच वाटते. अमेरिकेतील छायाचित्रकार जॉन ॲलन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला आपल्या छोट्या रेल्वेवर धूळ, गंज, काजळी आणि झीज मुद्दाम रंगवायला सुरुवात केली आणि या छंदाची दृष्टीच पालटली. वस्तू नवी कशी दिसते यापेक्षा ती वापरली गेल्यावर कशी दिसते, हा प्रश्न पुढे आला. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. वापराच्या खुणा हेच तर त्याचे साधन.

४/
म्हणून जाणता छंदिष्ट कुंचला उचलण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवतो : ठिकाण आणि साल. ‘डहाणू’ एवढे म्हणून भागत नाही. १८७० चे डहाणू, १९४५ चे डहाणू आणि आजचे डहाणू यांचे मार्ग तीन वेगवेगळ्या रंगांचे आहेत, कारण ते तीन वेगवेगळ्या पदार्थांचे आहेत : लाकूड, लोखंड आणि काँक्रीट. प्रत्येक पदार्थ कुठून तरी आला आणि कोणी तरी वाहिला. रंग निवडणे म्हणजे कालखंड निवडणे.

५/
आरंभ पाहू. १८५५ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ने, म्हणजे बीबीसीआयने, आपल्या कामाचा प्रारंभ मुंबईपासून केला नाही. तिचा पहिला टप्पा १८६० साली अंकलेश्वर ते उतराण असा सुरतेच्या परिसरात सुरू झाला. तिथून मार्ग उत्तरेस अहमदाबादकडे आणि दक्षिणेस मुंबईकडे वाढत गेला. १८६४ च्या नोव्हेंबरात तो मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. म्हणजे डहाणूच्या किनारपट्टीवर रेल्वे मुंबईचा विस्तार म्हणून आली नाही. गुजरातकडून मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर डहाणू लागले. स्थानकाच्या नावातला ‘रोड’ही बोलका आहे : गाव समुद्राकाठी, स्थानक गावाबाहेर, आणि दोहोंना जोडणारा रस्ता.

६/
या किनाऱ्यावर डोंगर आडवा येत नव्हता. आडव्या येत होत्या खाड्या आणि नद्या. बीबीसीआयचे अभियंते कर्नल जे. पी. केनेडी यांनी ओतीव लोखंडाचे, स्क्रूसारखे जमिनीत फिरवून बसवायचे खांब आणि त्यांवर वॉरन पद्धतीच्या त्रिकोणी जाळीच्या तुळया असा साचा ठरवला आणि तो नदीमागून नदीवर वापरला. सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने येत. खाऱ्या चिखलात लोखंड रोवून ही रेल्वे उभी राहिली, ही गोष्ट पुढे गंजाचा विषय येईल तेव्हा आठवावी.

७/
आता स्लीपर. त्या काळात एका मैलाच्या मार्गाला साधारण १७५० ते २००० लाकडी स्लीपर लागत. भारतातील आरंभीच्या मार्गांसाठी बाल्टिक प्रदेशातून क्रिओसोट पाजलेले पाईनचे लाकूड आले; देशी लाकडांत साग, साल आणि देवदार यांना मागणी होती. पाऊस आणि वाळवी यांपुढे साधे लाकूड काही वर्षांतच हार मानी. छंदिष्टाच्या दृष्टीने लाकडी स्लीपरचा रंग सर्वांत अवघड. क्रिओसोटचा ताजा स्लीपर जवळजवळ काळा. उन्हापावसात तो तपकिरी होतो आणि शेवटी राखाडी. शिवाय सगळे स्लीपर एकाच वेळी बदलले जात नाहीत. म्हणून दहा-पंधरा स्लीपरमागे एखादा गडद, एखादा फिकट असा फरक ठेवावा लागतो. एकसारखा रंग दिला की मार्ग खोटा दिसतो.

८/
या लाकडाच्या भुकेची दुसरी बाजू जंगलात दिसते. ज्या १८६४ साली बीबीसीआय मुंबईला पोहोचली, त्याच वर्षी डीट्रिश ब्रँडिस यांची भारताचे पहिले वन महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. हा निव्वळ योगायोग नव्हे. लोहमार्गांसाठी लाकूड अखंड मिळत राहावे, ही वनखात्याच्या स्थापनेमागची एक मुख्य प्रेरणा होती. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारी हक्क बसला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढा असंतोष माजला की १८८५ साली ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावे लागले. राब, सरपण, घरासाठी वासे यांवर जगणाऱ्या वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांना स्वतःच्याच रानात परवानगी मागण्याची वेळ आली.

९/
लाकूड टिकत नाही म्हणून लोखंडाकडे वळणे ओघाने आले. भारतात ‘पॉट स्लीपर’ मोठ्या प्रमाणावर वापरले गेले : उपडी घातलेली ओतीव लोखंडाची भांडी, प्रत्येक रुळाखाली एक, आणि दोन भांड्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. पुढे पोलादी पन्हळीसारखे स्लीपर आले आणि विसाव्या शतकात ‘सीएसटी-९’ या नावाचा ओतीव लोखंडाचा साचा देशभर पसरला. छोट्या रेल्वेत इथेच बहुतेकांची फसगत होते. विदेशी पुस्तके पाहून सगळीकडे लाकडाच्या शिरा रंगवल्या जातात. विसाव्या शतकाच्या मध्याचा भारतीय मार्ग मात्र पुष्कळ ठिकाणी लोखंडावर लोखंड असा होता : खडीत अर्धे गाडलेले स्लीपर, सर्वत्र गंजाचा तपकिरी आणि लाकडाच्या रेषेचा मागमूस नाही.

१०/
१९४५ चे डहाणू रंगवायचे असेल, तर मार्गाकडेचा माल विसरता येत नाही. या पट्ट्यातून मुंबईकडे लाकूड, सरपण आणि गवत जाई. गवत कशासाठी? मुंबईच्या तबेल्यांसाठी. ते कापणारे हात वारल्यांचे, रान आणि जमीन सावकार-जमीनदारांची, जंगलतोड ठेकेदारांची. वेठ आणि ‘लग्नगडी’ या प्रथा सर्रास चालू होत्या. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे मालकाच्या दारी राबत.

११/
जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. वेठीला नकार देण्याचा निर्धार तिथे झाला. त्याच वर्षीच्या गवतकापणीत मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढल्या वर्षी जंगलकामगारांनी दिवसाला सव्वा रुपया मजुरीसाठी संप केला. गोदावरीबाईंनी हा सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदवला.

१२/
या लढ्याचा रुळाच्या रंगाशी संबंध काय? मालधक्क्याच्या बाजूचा मार्ग नेहमी वेगळा दिसतो. गाड्या तिथे मंद चालतात आणि तासन् तास उभ्या राहतात. रुळाचा माथा मुख्य मार्गाइतका चकाकत नाही. खडीत पेंढा, साल, भुसा आणि माती मिसळते. कडेला गवत उगवते. छंदिष्ट हा मार्ग रंगवताना माथ्यावरही हलका तपकिरी सोडतो. ज्याला १९४५ चा मालधक्का प्रामाणिकपणे उभा करायचा आहे, त्याने गवताच्या गाठी आणि लाकडाचे ओंडके ठेवावेत आणि त्यांच्यामागे अडीच रुपयांची आणि सव्वा रुपयाची लढाई होती, हे ठाऊक असू द्यावे.

१३/
स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, बीबीसीआय आणि शेजारच्या काही रेल्वे एकत्र येऊन पश्चिम रेल्वे झाली. पुढील दशकांत मार्गाने पुन्हा कात टाकली. पूर्वताणित काँक्रीटचे स्लीपर आले आणि तपकिरी मार्ग राखाडी झाला. रूळही वाढला. जुना ‘९० पौंडी’ रूळ सुमारे १४३ मिलिमीटर उंच. आजचा ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर. ‘एचओ’ प्रमाणात हे आकडे १.६ आणि २ मिलिमीटर होतात. सर्वाधिक विकला जाणारा जाड ‘कोड १००’ रूळ मात्र २.५४ मिलिमीटरचा, प्रत्यक्षात त्याची उंची २२१ मिलिमीटर भरेल. एवढा उंच रूळ डहाणूत कधीच नव्हता. रुळाच्या कडेला गडद तपकिरी रंग दिला की ही जादा उंची डोळ्याला कमी भासते. रंगकामाचा हा एक व्यावहारिक लाभ.

१४/
आता गंज. डहाणू, घोलवड, बोर्डी हा पट्टा समुद्राला लागून आहे. खारी हवा लोखंडाला देशावरच्या हवेपेक्षा झपाट्याने खाते. त्यात डब्यांच्या उघड्या शौचालयांतून रुळावर पडणाऱ्या घाणीने अनेक दशके भर घातली; रुळाचा तळ आणि खिळ्यापट्ट्यांची जागा तिनेच सर्वाधिक पोखरली. जैव-शौचालये आल्यावर हा त्रास ओसरला. खरी रेल्वेसुद्धा आपला रूळ रंगवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गंजप्रवण पट्ट्यांत रुळाच्या कडांना डांबरी काळा रंग देण्याची आणि जोडपट्टीच्या जागी ग्रीस भरण्याची पद्धत आहे. त्यामुळे किनाऱ्यावरचा काळा रूळ ही छंदिष्टाची चूक ठरेलच असे नाही. तो गँगमनच्या कुंचल्याचा पुरावाही असू शकतो.

१५/
प्रत्यक्ष रंगकाम असे चालते. प्रथम विजेच्या जोडण्या आणि गाडीची चाचणी. मग सांध्यांची हलणारी पाती चिकटपट्टीने झाकायची, कारण रंग आत गेला की वीज अडते आणि सांधा अडकतो. त्यानंतर संपूर्ण मार्गावर मॅट गडद तपकिरीचा पातळ थर. एअरब्रश असल्यास उत्तम, नसल्यास फवाऱ्याचा डबा किंवा बारीक कुंचला. रंग ओला असतानाच रुळाचा माथा फडक्याने पुसायचा, कारण गाडीला वीज तिथूनच मिळते. मग स्लीपरवर छटा : लाकडाला राखाडी-तपकिरी, काँक्रीटला फिकट राखाडी. शेवटी सांध्यांच्या पात्यांखाली वंगणाचे काळे डाग आणि सिग्नलपाशी, जिथे इंजिने थांबतात तिथे, तेलाचा गडद पट्टा.

१६/
खडी रंगकामानंतर पडते. डहाणूचा प्रदेश बेसाल्टचा, म्हणून खडी निळसर-काळपट राखाडी हवी. परदेशी पाकिटातली पांढरट किंवा गुलाबी खडी इथे विजोड दिसते. ती मऊ कुंचल्याने स्लीपरांमध्ये सारखी करायची, वर पाण्याचा सूक्ष्म फवारा मारायचा आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेले पातळ फेविकॉल ड्रॉपरने सोडायचे. साबणामुळे गोंद खडीत मुरतो, नाही तर थेंब वरच तरंगतो. वाळल्यावर स्थानकाजवळच्या खडीला तांबूस छटा द्यायची. ब्रेक लागताना झिजणाऱ्या लोखंडाची भुकटी वर्षानुवर्षे तिथे साचत आलेली असते. स्थानक जवळ आल्याची खूण फलक दिसण्याआधी खडीच देते.

१७/
ही तांबूस छटा विकत आणण्याची गरज नाही. किराणा दुकानातला किंवा कुंभारवाड्यातला गेरू बारीक चाळून कोरड्या कुंचल्याने लावला की गंज तयार होतो. कारण साधे आहे : गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आणि गंजही लोहाच्या ऑक्साइडांचाच. डहाणू–तलासरीत मात्र या भुकटीला आणखी एक अर्थ आहे. वारली घराच्या कुडाच्या भिंती याच गेरूने सारवल्या जातात आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक, तारपा नाच आणि शेतीची कामे उमटतात. गेरू या मातीत रेल्वेच्या कितीतरी आधीपासून आहे.

१८/
जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर नेऊन जगापुढे ठेवली. डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात त्यांचे आयुष्य गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. वारली चित्रांत आज झाडे, मुंग्यांची वारुळे आणि मासे पकडणारी माणसे यांच्यासोबत रेल्वेगाडीही धावताना दिसते. छोटी रेल्वे बनवणारा डोळ्याला दिसते ते मोजून उतरवतो. वारली चित्रकार माणसे, झाडे आणि गाडी यांचे नाते उतरवतो. लोहमार्गाचे चित्र रेल्वेच्या बाजूने काढता येते, तसेच मार्ग ज्यांच्या रानातून गेला त्यांच्या बाजूनेही काढता येते. इतिहासाला दोन्ही चित्रे हवीत.

१९/
२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. त्याच दशकात डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्रही सुरू झाले आणि कोळशाच्या वाघिणी या मार्गाचे नित्याचे दृश्य बनल्या. २०१३ च्या एप्रिलपासून मुंबईची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. चिकूच्या बागा, कोळसा आणि लोकलची गर्दी एकाच रुळाशेजारी आली. आज शेजारून पश्चिमेचा समर्पित मालवाहू मार्ग जातो. तिथे प्रत्येक आसावर २५ टनांचा भार आणि एकावर एक दोन कंटेनर, हा हिशेब आहे.

२०/
आणि तलासरी? जुनी रेल्वे किनाऱ्याकडून गेली; तलासरी गावाच्या वाट्याला महामार्ग आला. आता ५०८ किलोमीटरचा मुंबई–अहमदाबाद अतिजलद मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो आहे. बोईसरनंतरचे त्याचे स्थानक वापी. मधल्या तलासरीत गाडी थांबणार नाही. भूसंपादनाला पालघरच्या आदिवासी गावांनी जोरदार विरोध नोंदवला. त्यांचा प्रश्न साधा होता : जमीन आमची, थांबा दुसऱ्याचा, मग आमच्या वाट्याला काय? १८६४ च्या मार्गाच्या वेळी असा प्रश्न नोंदवून घेणारे कोणी नव्हते. आता तो कागदावर आहे, हा फरक लहान नाही.

२१/
या नव्या मार्गाला खडी नाही. जपानी धर्तीच्या काँक्रीटच्या लाद्या, त्यांखाली सिमेंट-डांबराच्या मिश्रणाचा थर, आणि रुळांमध्ये १४३५ मिलिमीटरचे अंतर. म्हणजे ‘एचओ’चा तयार १६.५ मिलिमीटरचा मार्ग डहाणूसाठी प्रथमच अचूक ठरेल! रंगकामही सोपे : एक राखाडी, रुळाला थोडा तपकिरी, झाले. खडी ठोकणारा गँगमन आणि हातोडा घेऊन रोज मैलोन् मैल चालणारा चावीवाला यांना मात्र त्या चित्रात फारशी जागा उरत नाही. त्यांच्या हातांनी घडलेला रंग जुन्या मार्गावरच पाहायला मिळेल.

२२/
म्हणूनच तो आताच नोंदवून ठेवायला हवा. जुन्या मालधक्क्यात, बंद पडलेल्या बाजूच्या मार्गावर, कुंपणाला खांब म्हणून गाडलेल्या रुळाच्या तुकड्यात जुने लोखंड अजून दिसते. कित्येक रुळांच्या कंबरेवर कारखान्याचे नाव आणि साल उठावात असते. गंजाखालीही ते वाचता येते. फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून छायाचित्र घ्यावे, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. रुळांवर उतरू नये : ते जिवावर बेतते आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हाही आहे. घरात कोणी गँगमन, सांधेवाले, जंगलकामगार किंवा गवतकापणीला गेलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. दस्तऐवजांत लाकडाचा भाव सापडतो. तो ओंडका कोणी वाहिला, हे तीच माणसे सांगू शकतात.

तुमच्या गावच्या स्थानकाचा रूळ कोणत्या रंगाचा आहे? छायाचित्र असेल तर साल आणि ठिकाणासह खाली जोडा.

#डहाणू #तलासरी #रेल्वेचा_इतिहास #वारली #इतिहासधागा